खालून वर वाचायचा कागद

आयुष्यात मी पुष्कळांचा हेवा केला. शुक्रवार पेठेत आमच्या समोरच्या कापडवाल्याने स्कूटर घेतली तेव्हा केला, मेव्हण्याची बदली पुण्याला झाली तेव्हाही केला. पण ते हेवे सर्दीसारखे होते, आठ दिवसांत उतरले. एका माणसाचा हेवा मात्र अंगात मुरला तो मुरलाच. गंमत अशी की तो माणूस दोन शर्टांवर वर्ष काढायचा, पायात टायरच्या चपला घालायचा आणि चहा बशीत ओतून, डोळे मिटून प्यायचा. त्याच्याकडे हेवा करण्यासारखं काही आहे हे कारखान्यात दुसऱ्या कुणाला कधी सुचलंही नसतं.

ते आमचे डिझाईन मास्तर. अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात आम्ही एकाच लांब टेबलाशी बसत असू. चादरीवर जो मोर किंवा कमळ दिसतं ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं, त्याला आम्ही ग्राफ म्हणतो. एक घर म्हणजे एक धागा. रंगवलेलं घर असेल तिथे धागा वर, कोरं असेल तिथे खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याचे पत्ते टोचतात, पत्त्यांची माळ मागावर चढते आणि माग निमूटपणे तेवढंच विणतो. मास्तर ग्राफ काढायचे, मी तो घराघराने तपासून खाली लाल पेन्सिलीने सही करायचो, आणि पलीकडच्या खोलीत हुसेनभाई पत्ते टोचायचे. मीही सुरुवातीला दोन-चार डिझाईनं काढली होती. ती बिनचूक होती. मालकांनी ती पाहिली आणि म्हणाले की हे सरकारी अर्जासारखं दिसतंय. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या मोरांचे डोळे मोजत बसलो.

मास्तरांना सगळ्याच गोष्टी ग्राफवर मांडायची खोड होती. घरचा किराणा ग्राफवर, मुलीचे परीक्षेतले मार्क ग्राफवर. एकदा बायकोशी भांडण झालं तर कोण किती वेळ बोललं ते दोन रंगांत काढून आणलं होतं आणि मला म्हणाले, जरा तपासा, माझ्याकडून पक्षपात व्हायला नको. घड्याळ ते वापरत नसत. मागाचे ठोके त्यांच्या डोक्यात सतत चालू असायचे, आणि त्यावरून ते कुठल्याही कामाला किती वेळ लागला हे सांगायचे. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

समुद्राची गोष्ट निघाली ती बहात्तरच्या दुष्काळात. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची, हिप्परग्याच्या तलावात शेळ्या चरत होत्या. अशा दिवसांत मास्तरांनी रद्दीवाल्याकडून एक विलायती मासिक आणलं आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. समुद्राच्या तळाशी असलेल्या पोवळ्यांची रंगीत छायाचित्रं होती. अंगठीतलं तांबडं पोवळं तेवढं मला माहीत. इथे तर रानच्या रान उभं होतं. कुठे पंखे, कुठे सांबराची शिंगं, कुठे फुलकोबीच्या गड्ड्यासारखे निळे गोळे, आणि त्यांतून पिवळे मासे चाललेले.

मास्तर पानावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यात एक बी रेघ सरळ न्हाय. आन् एक बी चुकलेली न्हाय."

मी म्हणालो, मग उतरवून घ्या की, मालक खूश होतील. त्यावर ते म्हणाले की चित्रावरून चित्र काढणं म्हणजे दुसऱ्याने खाल्लेल्या जेवणाची चव सांगणं. दोन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपण समुद्रात खाली उतरून ही पोवळ्याची बाग बघून येणार.

कारखाना आठवडाभर हसला. मालक म्हणाले, मास्तर, आधी कोपऱ्यावरच्या टँकरमधून एक घागर भरून आणून दाखवा. मास्तरही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले. त्या माणसाला कुणी हसलं तर राग येत नसे. मला हीच गोष्ट सर्वांत आधी खुपली. मला कुणी हसलं की मी तीन दिवस झोपत नाही.

मुंबईच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी पाणबुड्यांसाठी लिहिलेलं एक इंग्रजी पुस्तक पोस्टाच्या व्ही.पी.ने मागवलं. ते वाचायचं कोणी? मी. पाळी सुटल्यावर रोज एक पान मी मराठीत सांगायचो आणि मास्तर बशी हातात धरून ऐकायचे. पाठीवर हवेची टाकी कशी बांधतात, तोंडात नळी कशी धरतात, पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हातांच्या खुणा कोणत्या, हे सगळं त्यांच्या कानात गेलं ते माझ्या तोंडून. त्यातले तीन नियम त्यांनी पाठ केले. एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार हवाच. श्वास कोंडायचा नाही. आणि वर येताना आपल्याच तोंडातून निघालेल्या बारक्यात बारक्या बुडबुड्यापेक्षा सावकाश यायचं, नाहीतर आतली हवा फुगून इजा होते.

बुडबुडा किती सावकाश चढतो हे कळावं म्हणून त्यांनी सोडावाल्याच्या गाडीवर जायला सुरुवात केली. गोळीची बाटली फोडायला लावायचे आणि प्यायचे नाहीत. बाटली डोळ्यांपुढे धरून ठोके मोजत उभे. सोडावाला आधी गमतीने बघायचा, पुढे पुढे चिडायला लागला, कारण मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं की ह्या माणसाला बाटलीत झुरळ सापडलंय.

सराव कुठे करायचा हा प्रश्न होता, कारण विहिरी कोरड्या. रंगखात्यात सूत धुवायचा एक हौद होता, त्यात गळाभर पाणी असे. सायकलच्या ट्यूबमध्ये खिडकीची काच बसवून मास्तरांनी चष्मा केला, तोंडात रबरी नळी धरली आणि एका शनिवारी हौदात जाऊन बसले. चांगले बसले होते. पण नुकतंच तांबड्या रंगाचं सूत त्यात धुतलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आले ते गुलालात बुडवल्यासारखे, फक्त चष्म्याखालची कातडी गोरी. रंग आमच्या कारखान्याचा, म्हणजे पक्का. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला बार्शीचे पाहुणे यायचे होते. मास्तर तसेच पुढे झाले, नमस्कार केला, पोवळ्यांबद्दल बोलले. मुलगी पसंत पडली. बापाबद्दल मात्र पाहुण्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारपूस केली म्हणतात.

हे मी हसत सांगतो आहे, पण त्या दिवसांत मी आतून हसत नव्हतो. जोडीदार कोण, असं मी पुस्तक वाचताना सहज विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "तुमीच की. दुसरं कोन?" मी वेड लागलंय का तुम्हाला, असं काहीतरी म्हणालो. घरी जाऊन बायकोला हा किस्सा म्हणून सांगितला. पण खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. जन्मात मला कुणी कुठल्याही वेड्या कामासाठी निवडलं नव्हतं. नोकरीला निवडलं ते अक्षर चांगलं म्हणून, लग्नाला निवडलं ते नोकरी आहे म्हणून. मला त्या समुद्रात जायचं होतं. इतकं की कुणाजवळ बोलायची लाज वाटावी.

पुढे पाऊसपाणी झालं. होटगीकडे मास्तरांच्या साडूंचं शेत होतं, तिथली विहीर तुडुंब भरली. दर रविवारी आम्ही सायकलींवरून जायचो. चाळिशीच्या माणसाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणं काय असतं ते बांधावर बसून बघणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा. पण शिकलो. डबा सुटला. मग बुडी मारायची वेळ आली, आणि तिथे माझं घोडं अडलं. एक परस, म्हणजे पुरुषभर, खाली गेलो की माझ्या कानांत सुया टोचायला लागायच्या. दीड परसाला तर डोकं फुटेल असं वाटायचं. मी कुणाला सांगितलं नाही. तळाला हात लावून आलो म्हणून सांगायचो. तीन महिने मी खोटं बोललो आणि मास्तर प्रत्येक वेळी म्हणायचे, लई छान.

एका रविवारी हुसेनभाई नुसते हवा खायला म्हणून आमच्याबरोबर आले. शिडशिडीत माणूस, बोलणं कमी. तरुणपणी गल्लीतल्या आडांत पडलेल्या घागरी काढून देत असत, एवढं मला माहीत होतं. त्यांनी शर्ट काढला, विहिरीत उतरले आणि दिसेनासे झाले. मास्तर ठोके मोजत होते. मी मनात म्हणत होतो, बस झालं, ये वर. ते वर आले तेव्हा मुठीत तळाचा काळा गाळ होता आणि चेहऱ्यावर अंघोळ झाल्यासारखं समाधान. मास्तरांनी तो गाळ हातात घेऊन बघितला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मुठीत तीन महिन्यांत कधी गाळ आला नव्हता.

सोमवारी टेबलाशी बसल्या बसल्या ते म्हणाले, "अवो, वर आल्यावर कान चोळता ते बघितलंय मी. तुमचं कान न्हाय म्हनत्यात. जबरदस्ती करू नगा. हुसेनभाईस्नी नेतो मी. तुमी पत्रं लिवा, पुस्तक सांगा. तुमच्याबिगर हे व्हायचं न्हाय."

मी म्हणालो, बरंच झालं, मला तरी एवढी रजा कुठे मिळणार होती. आवाज अगदी साधा ठेवला. संध्याकाळी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, सुटलात एकदाचे, जीव वाचला. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट दुखतंय म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. मास्तर आणि हुसेनभाई एका डब्यात जेवायला लागले. त्याहून वाईट म्हणजे त्या खुणा. मागांच्या खडखडाटात कारखान्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. ह्या दोघांनी पाणबुड्यांच्या खुणा तिथे चालू केल्या. अंगठा खाली म्हणजे खाली जाऊ, आडवा तळहात हलवला म्हणजे काहीतरी बिनसलंय, अंगठा आणि बोट जुळवलं म्हणजे सगळं ठीक. पन्नास फुटांवरून दोघं एकमेकांशी गप्पा मारायचे आणि हसायचे. त्या खुणा पुस्तकातून मीच काढून दिल्या होत्या. ज्याला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही तो माझ्या खुणा करत होता, आणि मी मधल्या टेबलावर घरं मोजत होतो.

समुद्राचं ठिकाणही सापडलं ते असंच. आमचं सूत दक्षिणेकडून यायचं. सुताचा एक एजंट मदुरेचा होता. तो म्हणाला की रामेश्वराच्या अलीकडे किनाऱ्यावर नौदलातून निवृत्त झालेला एक पाणबुड्या राहतो. त्याच्याकडे टाक्यांचे दोन जुने संच आहेत आणि कॉलेजातल्या अभ्यासकांना तो पोवळी बघायला खाली उतरवतो. त्याच्याशी दीड वर्ष पत्रव्यवहार चालला. पत्रं इंग्रजीत, म्हणजे माझी. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं की मी आता म्हातारा झालो, स्वतः उतरत नाही, होडीत बसून कमरेच्या दोऱ्या धरतो. तुम्ही किती मिनिटं, किती खोल, कसे उतरणार आणि कसे चढणार हे कागदावर मांडून आधी पाठवा. त्या कागदाबरहुकूम मी दोरी सोडीन आणि ओढीन.

मास्तरांनी तो कागद चार दिवस बसून काढला. अर्थात ग्राफवर. एक आडवी ओळ म्हणजे अर्धं मिनिट. ओळीत जितकी घरं रंगवली तितके फूट खोल. उतरणं झपकन, कारण हवा वाया घालवायची नाही. मग तळाशी निळ्या रंगाचा रुंद पट्टा, म्हणजे पोवळी बघायचा वेळ. मग चढण, अतिशय सावकाश, पायरी पायरीने, दोन ठिकाणी थांबून. चार रंगांत काढलेला तो कागद इतका देखणा होता की तसाच विणला असता तर चादर खपली असती. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाले, तपासा.

मी तपासला. घरं बरोबर होती. आणि शेवटचं घर मोजता मोजता मला चूक दिसली.

आमच्या धंद्यात ग्राफ खालून वर वाचतात. माग पहिला आडवा धागा घालतो तो चादरीच्या खालच्या काठाला, म्हणून ग्राफची पहिली ओळ सर्वांत खाली. आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नाही. मास्तरांनी समुद्रही तसाच काढला होता, सुरुवात तळाच्या ओळीपासून. पण रामेश्वराकडचा तो म्हातारा काही विणकर नव्हता. तो जगासारखा वरून खाली वाचणार. आणि वरून वाचलं तर सगळं उलटं. उतरताना सावकाश, थांबत थांबत, आणि सगळं बघून झाल्यावर तळापासून पृष्ठभागापर्यंत एका ओळीत, म्हणजे अर्ध्या मिनिटात, दोरीने वर.

कारखान्यात ही चूक दुसऱ्या कुणालाही दिसली नसती. पुस्तकातले तक्ते वरून खाली वाचणारा तिथे मी एकटा होतो. सोबतचं पत्रही मीच लिहायचं होतं. त्यात एक वाक्य घालायचं, हा कागद खालून वर वाचावा. बस्स.

ते वाक्य मी घातलं नाही. विसरलो नाही, घातलं नाही. पत्र लिहिताना त्या जागेशी आलो, पेन थांबलं, समोरच्या काचेतून हुसेनभाई मास्तरांना बोटं जुळवून दाखवताना दिसले, आणि मी खाली ‘आपला विश्वासू’ लिहिलं. ग्राफवर लाल पेन्सिलीने सही केली आणि पाकीट मोठ्या पोस्टात स्वतः टाकून आलो.

त्यानंतर ते दोघं निघेपर्यंत अठरा दिवस होते. अठरा दिवस मी मूग गिळून बसलो. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि रोज काहीतरी कारण काढायचो. तो जुना जाणता माणूस आहे, त्याला कळेलच. माझं काम घरं मोजायचं, ती बरोबर आहेत. आणि कधी कधी, हेही लिहून टाकतो, वाटायचं की कळू दे जरा, माझ्याशिवाय गेल्यावर काय होतं ते. माणूस मरावा असं मनात नव्हतं. फजिती व्हावी, हात हलवत परत यावेत, एवढंच हवं होतं. पण पुस्तकात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. फजितीवर थांबेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

शहात्तर साली, होळीच्या आधी, ते गेले. सकाळच्या गाडीला मी स्टेशनावर गेलो होतो. मास्तरांनी टायरच्या चपलांऐवजी कॅनव्हासचे बूट घातले होते आणि त्यांत ते अवघडले होते. गाडी सुटायच्या आधी त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले की तुम्ही नसता तर हे झालंच नसतं. तोंड उघडायला ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, जपून जा, पाणी उकळून प्या.

दहा-बारा दिवसांनी ते परतले. मास्तर उन्हाने काळे पडले होते. हुसेनभाईंच्या डाव्या कानात कापूस होता.

झालं होतं ते असं. म्हातारा होडीत कागद मांडीवर आणि घड्याळ हातात घेऊन बसला. हे दोघं दोऱ्या बांधून उतरले. उतरताना दोरी थांबत थांबत सुटली, ती म्हाताऱ्याची काळजी असेल असं त्यांना वाटलं. त्याला कागद विचित्र वाटला होता, पण हे लोक विणकाम करणारे, त्यांचं काही शास्त्र असेल अशी त्याने समजूत करून घेतली. वेळ भरल्यावर त्याने कागदाप्रमाणे दोऱ्या ओढायला घेतल्या. मास्तरांच्या डोक्यात त्यांचे स्वतःचे ठोके चालू होते, दोरी ठरल्यापेक्षा फार वेगाने ओढली जातेय हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी एका खडकाला मिठी मारली आणि हिसके देऊन दोरी थांबवली. हुसेनभाई हलके. ते घागरीसारखे वर गेले. होडीत घेतलं तेव्हा नाकातून आणि कानातून रक्त येत होतं. मास्तर आपल्या चालीने, सावकाश वर आले, कागद हातात घेतला आणि म्हाताऱ्यासमोर उलटा धरला. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

हे सगळं मास्तरांनी मला चहाच्या वेळी सांगितलं, नेहमीच्याच स्वरात. मग म्हणाले, कागद वरून वाचला त्याने. मी म्हणालो, अरेरे, माझ्या लक्षातच आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, त्यांना ठोक्यांवरून नक्की सांगता आलं असतं.

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समुद्र सांगितला. हात राखून नाही, जे पाहिलं ते सगळं. चित्रात काही कळत नाही, म्हणाले, तिथे सगळं हलत असतं. पंखे हलतात, शिंगं जागच्या जागी थरथरतात, उजेडाची जाळी वरून सरकत राहते, नक्षी एका क्षणी एक आणि दुसऱ्या क्षणी दुसरी. मी ऐकत होतो आणि गुन्हेगाराला जे वाटायला हवं ते मला वाटत होतं. पण त्याच्या खाली, निर्लज्जपणे, हेवाही वाटत होता. पलीकडे हुसेनभाई मान तिरकी करून काम करत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान गेला. त्यांना मी भेटायला गेलो तर ते हसून म्हणाले, "अब मागाँ का आवाज आधाच आता. अच्छाच हुआ ना." आणि मला त्या बहिऱ्या कानाचाही हेवा वाटला. ह्यापेक्षा खाली मी कधी गेलो नाही.

मास्तर मालकांना काही बोलले नाहीत, हुसेनभाईंना काही बोलले नाहीत. माझ्याशी पूर्वीसारखे वागले. दिवाळीला घरी बोलावलं, धाकट्या मुलीच्या लग्नात मला पंक्तीत आग्रह केला. फक्त एक गोष्ट बदलली. त्यांचा ग्राफ माझ्या टेबलावर येईना. पूर्वी कागद त्यांच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून हुसेनभाईंकडे जायचा. आता मास्तर उठायचे, माझ्या मागून जायचे आणि थेट पत्त्यांच्या खोलीत कागद घेऊन जायचे. दोघं तिथे बोटं ठेवून घरं मोजत बसायचे. मालकांना वाटलं माझ्याकडे काम कमी आहे, त्यांनी मला सुताच्या गाठी तपासायला लावल्या.

त्या पावसाळ्यात मास्तरांचं समुद्राचं डिझाईन मागावर चढलं. त्यात पोवळं नव्हतं, मासा नव्हता. निळ्या-पांढऱ्या वळणदार रेघा फक्त. पण ती चादर खाटेवर अंथरली आणि बाजूने चालत गेलं की रेघा सरकल्यासारख्या दिसायच्या. व्यापारी हात लावून लावून बघायचे. ती चादर इतकी खपली की मालकांनी तिच्यासाठी आणखी माग लावले. माझ्या हाताखालून न गेलेला तो मास्तरांचा पहिला मोठा ग्राफ. मी तो कधी पाहिलाच नाही. मीही ती चादर इतरांसारखी मागावरच बघितली.

वर्षभर मी वाट पाहिली की हे आपोआप मिटेल. नाही मिटलं. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना, मीच विषय काढला. मास्तर नवा ग्राफ पुरा करून उठत होते. मी त्यांच्या वाटेत उभा राहिलो. म्हणालो, मास्तर, हे माझं काम आहे. बारा वर्षांत माझ्या नजरेतून एक घर निसटलेलं नाही. तुम्हीच सांगा, एकदा तरी निसटलंय का?

"न्हाय," ते म्हणाले. "कदीच न्हाय. एकदा तरी चुकला असता, तर मी म्हनलो असतो, त्या येळंला बी चुकलाच असंल."

त्यात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. त्यांनी मी बाजूला होईपर्यंत वाट पाहिली. मग कागद गुंडाळला, पत्त्यांच्या खोलीत गेले, आणि हुसेनभाईंच्या उजव्या बाजूला जाऊन त्यांना हाक मारली.